घाटात कलणारी गाडी आणि जाड बार

प्रश्न : माझी 2017 ची होंडा सिटी वरंध घाटातल्या वळणांवर फार कलते. बाजारातला जाड अँटी-रोल बार बसवू का?

उत्तर : आधी मूळ बारचे रबरी बुश आणि लिंक रॉड तपासून घ्या. ते झिजले की गाडी जास्त कलते, आणि ते बदलणं नव्या बारपेक्षा स्वस्त पडतं. टायर जुने असतील, तर पहिला खर्च त्यांच्यावरच करा. रस्त्यावरची पकड शेवटी टायरच देतात.

तरीही बार हवाच असेल, तर मिलिमीटर नीट पाहा. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो: 22 ऐवजी 24 मिमी म्हणजे सुमारे 40 टक्के अधिक ताठ! पुढच्या चाकांवर चालणारी तुमची गाडी वेगात वळताना बाहेरच्या बाजूला ओढली जाते. पुढचा बार जाड केलात तर ही खोड सहसा वाढते. म्हणून मागचा बार निवडा, तोही सौम्य. फार ताठ घेतलात, तर ओल्या घाटात वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडताच मागची बाजू घसरू शकते. कुटुंब गाडीत असताना हा धोका मला मुळीच मान्य नाही. सिटीला मागे टॉर्शन बीम आहे, त्यामुळे त्याच मॉडेलसाठी बनवलेला बार घ्या.