आधी बर्फाचा कप्पा, मग वाटाण्याचा वाफा
कात्रप परिसरातील परसबागायतदारांसाठी हंगामी सल्ला

मार्गशीर्ष सरून पौष लागला, की बदलापूरच्या पंचक्रोशीत पहाटेचा गारवा अंगाला जाणवू लागतो. कारण एका अंगाला चंदेरी-माथेरानची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीचे खोरे आणि समुद्र पुष्कळ दूर, अशा ठिकाणी वसलेल्या या गावांना मुंबईच्या मानाने रात्रीची थंडी अधिक लाभते. मौजे कात्रप आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत असून भाताच्या खाचरांच्या जागी तेथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि जुन्या घरांचे परस, इमारतींमागील मोकळ्या पट्ट्या आणि गावाबाहेरची उरलीसुरली खाचरे यांत भातानंतर वाल, तूर, चवळी यांच्या जोडीने हिरवा वाटाणा लावण्याची हौस अद्याप टिकून आहे. या हौसेचे फळ पदरात पडण्याचा काळ म्हणजे पौष-माघ, आणि नेमका तोच काळ बागायतदाराच्या अडचणीचाही असतो.

अडचण अशी, की वाटाण्याचा वाफा दोन-तीन आठवड्यांतच आपले सारे देणे चुकते करून मोकळा होतो. आणि त्याच सुमारास जबलपूर व पंजाबकडील वाटाणा बाजारात भरमसाट उतरल्यामुळे घरच्या चार-सहा किलो शेंगांना दर मिळण्याची आशा धरणे व्यर्थ ठरते. घरात खाऊन संपत नाही, विकून परवडत नाही आणि वेलीवर ठेवावा तर दाणा निबर होतो, अशा त्रांगड्यात सापडलेल्या बागायतदारास दाणे गोठवून ठेवणे हा एकच सुलभ इलाज उरतो. परंतु या इलाजाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो असा की माल कसाही असो, फ्रीजर त्याची सोय लावील. वस्तुतः फ्रीजर कोणत्याही जिनसाला सुधारीत नाही. ज्या अवस्थेत दाणा आत गेला, त्याहून चांगला तो कधीही बाहेर येत नाही. सबब साठवणीचा हिशेब वाफ्यापासून फ्रीजरकडे न धरता फ्रीजरपासून वाफ्याकडे, म्हणजे उलट दिशेने धरावा, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

तोडणीची वेळ

वेलीवरून शेंग तुटली, की दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर वेगाने होऊ लागते आणि हवा जितकी उष्ण तितका हा वेग वाढतो. आपल्याकडे पौषातही दुपारचे ऊन तीस अंशांच्या आसपास जात असल्यामुळे सकाळी तोडलेली शेंग संध्याकाळपर्यंत टोपलीत पडून राहिली, तर तिच्या गोडीत फरक पडल्यावाचून राहत नाही. म्हणून तोडणी सकाळी दव ओसरताच करावी, शेंगा सावलीत पसरून ठेवाव्यात, आणि सोलणे, उकळत्या पाण्यातून काढणे व गोठवणे ही सारी कामे त्याच दिवशी उरकावीत. ज्या दिवशी घरात हात कमी असतील, त्या दिवशी तोडणीच करू नये. वेलीवरचा एक दिवस टोपलीतल्या एका दिवसापेक्षा कमी नुकसानीचा असतो.

फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी शेंग तोडणीस येते. शेंग भरलेली परंतु तकतकीत हिरवी असावी, आणि आतील दाणा नखाने दाबला असता साल सहज फुटावी. सालीची चकाकी जाऊन ती फिकट व खरबरीत झाली असेल, तर दाणा पिठूळ झाला असे समजावे. शंका वाटल्यास एक जुनी परीक्षा आहे: लिटरभर पाण्यात सुमारे सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात सोललेले दाणे सोडावेत, कोवळे, साखर अधिक असलेले दाणे तरंगतात आणि पिष्ट भरलेले जून दाणे तळाशी जातात. तरंगलेले दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन साठवणीस घ्यावेत; बुडालेल्यांची त्याच दिवशी उसळ करावी, कारण त्यांना गोठवण्याची मेहनत निष्फळ होते. अडीच किलो शेंगांतून साधारण किलोभर दाणे निघतात, हे प्रमाण ध्यानी ठेवल्यास पुढील सारा हिशेब सोपा होतो.

उकळत्या पाण्यातून काढणे

कच्चे दाणे तसेच पिशवीत भरून बर्फाच्या कप्प्यात टाकण्याची रीत पुष्कळ घरांत आहे आणि पहिले दोन-तीन आठवडे ती फसलेली दिसत नाही, हेच तिच्या प्रसाराचे कारण असावे. दाण्यातील विकरे थंडीने मंदावतात, परंतु मरत नाहीत. शून्याखाली अठरा अंशांवरही ती आपले काम संथपणे चालूच ठेवतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दाण्याचा हिरवा रंग मळकट होणे, गवताळ वास येणे व चव उतरणे हे परिणाम दिसू लागतात. उकळत्या पाण्याचा अल्प संस्कार या विकरांना कायमचा निष्क्रिय करतो. शिवाय दाण्यावरील धूळ व बरेचसे जंतूही त्यामुळे कमी होतात.

या कामी पाणी भरपूर असणे आवश्यक आहे. अर्धा किलो दाण्यांस चार लिटर हे प्रमाण धरावे, म्हणजे दाणे पडल्यावर पाणी थंडावत नाही आणि मिनिटभराच्या आत पुन्हा उकळू लागते. त्याहून अधिक वेळ लागल्यास एका वेळचे दाणे फार झाले असे समजून पुढच्या खेपेला ते कमी करावेत. मोठ्या टोपात पाणी खळखळू लागले, की दाणे सुती फडक्याच्या सैल पुरचुंडीत किंवा तारेच्या चाळणीत घालून पाण्यात पूर्ण बुडवावेत, झाकण ठेवावे, आणि पाण्याला पुन्हा उकळी फुटताच घड्याळ लावून दीड मिनिट मोजावे. हा दीड मिनिटाचा नियम सोललेल्या हिरव्या वाटाण्यासाठी आहे. त्यात सैलपणा बाळगू नये. जास्त वेळ ठेवल्यास दाणा शिजून त्याची साल सुटते व जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. आणि कमी वेळ ठेवल्यास तर मुळीच न उकळण्याहूनही वाईट गत होते, कारण अर्धवट उष्णतेने विकरे मरण्याऐवजी अधिक चेततात. बदलापूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नसल्यामुळे येथे पाणी शंभर अंशांच्या आसपासच उकळते, सबब हा काळ आहे तसाच पाळावा.

पाण्यात सोडा टाकून रंग गडद हिरवा राखण्याची युक्ती काही ठिकाणी वापरतात, ती सर्वथा वर्ज्य समजावी; सोड्याने रंग राहतो, परंतु दाणा गिळगिळीत होतो आणि ‘क’ जीवनसत्त्व व थायमिन यांचा नाश होतो. मीठ किंवा साखर घातली न घातली तरी साठवणीत फरक पडत नाही.

दीड मिनिट होताच दाणे तत्काळ बर्फाच्या पाण्यात सोडावेत. दाण्यांच्या वजनाइतका बर्फ आदल्या रात्रीच तयार ठेवावा, कारण नळाचे पाणी एका खेपेतच कोमट होते. दीड-दोन मिनिटांनी एक दाणा दातांखाली धरून पाहावा. मधोमध गार लागला म्हणजे काम झाले. नंतर दाणे रोळीत निथळून पंचावर पसरावेत व पृष्ठभाग कोरडा होऊ द्यावा. ओले दाणे गोठताना एकमेकांस चिकटतात व कप्प्यात नाहक बर्फ साचतो. उकळलेले पाणी दोन-तीन खेपांना चालते, आणि शेवटी आमटीत किंवा कढणात वापरता येते.

ओल्या तुरीचे व पावट्याचे दाणेही याच रीतीने राखता येतात. मात्र दाणा जाड असल्यामुळे उकळण्याचा काळ सुमारे तीन मिनिटे धरावा, आणि पावटा वापरताना पूर्ण शिजवूनच खावा.

गोठवणे व साठवणे

कारखान्यात शून्याखाली पस्तीस-चाळीस अंशांच्या वेगवान वाऱ्यावर दाणे उधळून ते काही मिनिटांतच सुटे गोठवतात. अमेरिकेत क्लॅरन्स बर्ड्सआय याच्या प्रयत्नांतून १९३० साली स्प्रिंगफील्ड येथे गोठवलेल्या मालाची किरकोळ विक्री सुरू झाली, तेव्हा त्या मालात वाटाणाही होता, आणि त्या उद्योगाची सारी मातबरी गोठवण्याच्या वेगात होती. संथ गोठणीत बर्फाचे स्फटिक मोठे होऊन दाण्यातील पेशी फोडतात. जलद गोठणीत ते बारीक राहतात. घरातील कप्प्याला तो वेग साधणे नाही. परंतु आपण थर पातळ ठेवून व भार कमी ठेवून त्याला साहाय्य करू शकतो. दाणे ताटात एका थरात पसरून ताट कप्प्याच्या सर्वांत थंड भागी ठेवावे, आणि काही तासांत ते गोटीसारखे कडक झाले, की पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरून, हवा शक्य तितकी काढून, तोंड घट्ट बंद करावे व तारीख लिहावी. एका वेळच्या भाजीस पुरेल एवढीच पिशवी केल्यास वितळलेला माल पुन्हा गोठवण्याचा प्रसंग येत नाही.

आता मुख्य बाब. पन्नास लिटरांच्या फ्रीजरात चोवीस तासांत दीड ते दोन किलोंहून अधिक नवा माल घालू नये. घातल्यास सारा माल संथपणे गोठतो आणि आधीचाही नरम पडतो. फ्रीजरात छोटा थर्मामीटर ठेवून पाहावा. उणे अठरा अंश किंवा त्याखाली असल्यास वाटाणा आठ ते बारा महिने उत्तम राहतो. एका दाराच्या फ्रीजमधील वरच्या कप्प्यात उणे बारा अंशांपलीकडे थंडी पोहोचत नसेल, तर महिन्याभरात माल संपवावा. फ्रीजच्या दारावरील विजेच्या बचतीच्या ताऱ्यांचा या थंडीशी काहीएक संबंध नाही.

कात्रपच्या रहिवाशास वर्षभराची मुदत कागदावरच मानणे शहाणपणाचे. उल्हास खोऱ्यातील पाऊस २६ जुलै २००५ रोजी काय करू शकतो हे सर्वांनी अनुभवले आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली, तेही विस्मरणात गेलेले नाही. अशा दिवसांत वीज तासन्‌तास जाते. भरगच्च फ्रीजर दार न उघडल्यास सुमारे अठ्ठेचाळीस तास आणि अर्धा भरलेला सुमारे चोवीस तास थंडी राखतो. म्हणून रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. कप्प्यात एका वाटीत गोठलेल्या पाण्यावर एक नाणे ठेवावे. परगावाहून परतल्यावर ते बुडालेले आढळले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले असे निःसंशय ठरते आणि तो माल टाकून द्यावा. परंतु सर्वांत उत्तम तजवीज अशी, की चैत्रापासून आषाढाच्या आरंभापर्यंत, म्हणजे वाटाणा बाजारात दुर्मिळ व महाग असतो त्या काळात, साठा खाऊन संपवावा. आषाढ-श्रावणात पुरंदर तालुक्यातील पावसाळी वाटाणा बाजारात येऊ लागतोच.

गोठवलेला दाणा वितळू न देता थेट फोडणीत किंवा उकळत्या रश्श्यात टाकावा, आणि शिजवल्याशिवाय खाऊ नये. दीड मिनिटाचे उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. शेजारीपाजारी विक्रीचा विचार असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये रीतसर नोंदणी करून मगच त्या वाटेला जावे.

पुढील कार्तिकाची आखणी

फ्रीजर रोज दोन किलो दाणे घेऊ शकतो हे एकदा मान्य केले, की वाफा किती व केव्हा करावा हे आपोआप ठरते. दोन किलो दाणे म्हणजे पाच किलो शेंगा. थंड प्रदेशाच्या मानाने आपल्याकडे उत्पन्न कमी येत असल्यामुळे चौरस मीटरला अर्धा किलो शेंगा धराव्यात. म्हणजे वीस चौरस मीटर, गुंठ्याचा सुमारे पाचवा हिस्सा, इतक्या वाफ्यातून दहा किलो शेंगा दोन-तीन तोडण्यांत मिळतात, आणि प्रत्येक तोडणी फ्रीजरास पेलणारी ठरते. असे तीन वाफे करावेत, परंतु एकाच दिवशी नव्हे. पाऊस सरून जमीन वाफशावर आली, की ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला, आणि पुढचे दोन बारा-बारा दिवसांच्या अंतराने. माघ सरताना वाढणारे ऊन फुलगळ करीत असल्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतर पेरू नये. एका वाफ्यास पाव किलो बियाणे पुरते. पेरणीपूर्वी त्यास रायझोबियम जिवाणू चोळावेत, आणि पाणी साचू नये म्हणून भाताच्या भारी जमिनीत गादीवाफेच करावेत. फुलोरा व दाणे भरणे या दोन अवस्थांत पाण्याचा ताण पडू देऊ नये.

बियाणे निवडताना सुरकुतलेल्या दाण्याची जात घ्यावी. ग्रेगोर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचे जे प्रयोग केले, त्यांतील तो फरक केवळ रूपाचा नव्हता; सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट घडवणारे एक विकर सदोष असल्यामुळे साखर अधिक शिल्लक राहते, आणि वाळताना दाणा आक्रसतो. अर्केल व बोनव्हिल या दोन्ही जाती या प्रकारच्या आहेत. अर्केलची तोडणी पेरणीपासून पंचावन्न ते साठ दिवसांत सुरू होते, बोनव्हिलला ऐंशी-पंच्याऐंशी दिवस लागतात. आपली थंडी अल्पकाळ टिकणारी असल्याने कात्रपला अर्केलच अधिक सोयीची. भुरी रोगाला मात्र ती लवकर बळी पडते, म्हणून ओळींत हवा खेळती ठेवावी आणि पानांवर पांढरी पूड दिसताच पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करावी. तोडणी तोंडावर आली असल्यास डब्यावरील प्रतीक्षाकाळ पाहिल्यावाचून फवारू नये.

यंदाच्या प्रत्येक पिशवीवर तारखेशेजारी वाफ्याचा क्रमांकही लिहावा. वैशाखात ज्या क्रमांकाचे दाणे अधिक गोड व कोवळे निघतील, त्या वाफ्याची पेरणीची तारीख पुढील वर्षी आधी कायम करावी आणि बाकीचे दोन वाफे तिच्या मागेपुढे बसवावेत.