लेबर रूमला निघालेल्या भाचीला

पोरी, ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला नेमणूक झाली तुझी. पेढे पोचले, डब्यातले दोन वाटेतच कमी झालेत, तेही कळलं. डोस तुला माझ्याहून जास्त पाठ असतील, पुस्तकं नवी आहेत तुझी. मी सांगते ते डोसच्या अलीकडचं आणि पलीकडचं: हात सुईकडे जाण्याआधी काय विचारायचं, आणि टोचून झाल्यावर कुठे उभं राहायचं.

१. ड्युटीचा ओव्हर टेबलाशी बसून घेऊ नकोस, खाटेखाटेपाशी जाऊन घे — कागदावर ‘पेशंट ठीक’ असतं आणि चादरीखाली पॅड भिजलेलं असतं.

२. आल्याआल्या फ्रिजचं तापमान बघ. ऑक्सिटोसिन, मेथर्जिन, कार्बोप्रोस्ट तिन्ही २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. दारात नको, बर्फाला चिकटून नको — उतरलेलं औषध दिसायला तसंच दिसतं, कळतं ते बाळंतीण वाहायला लागल्यावर. त्या फ्रिजात कुणाचा जेवणाचा डबा सापडला तर गोड बोलून बाहेर काढ, मग तो मेट्रनबाईंचा का असेना.

३. डोकं दिसायला लागलं की ऑक्सिटोसिन भरून, नाव लिहून ठेव. ॲम्प्युल ५ युनिटांची की १० ची, ते वाच. बाळ बाहेर आलं की पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना बघ, आणि एका मिनिटाच्या आत मांडीत १० युनिटं दे — पिशवी वेळेवर आवळली की पुढची पळापळ वाचते.

४. ‘सिस्टर, कळा मंद आहेत, एक इंजेक्शन मारा की,’ असं सासूबाई म्हणतीलच. बाळ पोटात असताना हेच इंजेक्शन मांडीत किंवा कमरेत कधीही द्यायचं नाही — डॉक्टरांनी सलाईनमधून लावलं तर थेंब कमी करता येतात, बंद करता येतात. मांसात गेलेलं परत येत नाही आणि पिशवी फाटू शकते. सासूबाईंवर मात्र चिडू नकोस, त्यांच्या वेळी कुणीतरी तसं दिलं असेल आणि त्या निभावल्या असतील.

५. वार पडली तरी रक्त थांबेना, तर पिशवी चोळता चोळता विचार, ‘लघवी कधी झाली?’ — भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. भरल्या मूत्राशयापुढे भारी औषध लंगडं.

६. मेथर्जिनआधी बीपी, कार्बोप्रोस्टआधी दमा — पहिलं बीपी चढवतं, दुसरं श्वासनळ्या आवळतं. पण ‘दमा आहे का’ असं विचारलंस तर निम्म्या बायका नाही म्हणतील, लग्नाच्या वेळी लपवलेलं असतं ना! ‘थंडीत छातीत शिट्टी वाजते का, पंप ओढता का’ असं विचार, तेही सासरचं माणूस जवळ नसताना.

७. बाळंतपणाची वेळ केसपेपरवर मिनिटासकट लिही — रक्तस्रावात ट्रॅनेक्झामिक ॲसिड बाळंतपणानंतर ३ तासांच्या आतच द्यायचं असतं, १ ग्रॅम, शिरेतून सावकाश १० मिनिटांत. ‘पहाटे झाली’ या नोंदीवरून तास मोजता येत नाहीत.

८. रक्ताचा अंदाज डोळ्यांनी बांधू नकोस, पॅड वजन करून बघ. आणि पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी धर — तरुण बाईचं शरीर बीपी बराच वेळ सावरून धरतं. बीपी शेवटी रडतं, नाडी आधी बोलते.

९. आता मॅग्नेशियम सल्फेट; इथे मी जरा रेंगाळणार. झटक्यांसाठी याच्यासारखं औषध नाही, आणि याच्याइतकं लक्ष मागणारंही नाही. ५० टक्क्यांचं आहे ना ते वाचून मग फोड, २ मिलीत १ ग्रॅम — म्हणजे एका कुल्ल्यातल्या ५ ग्रॅमला पाच ॲम्प्युल लागतात, आणि घाईत चौथी-पाचवी विसरते.

१०. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी ताशी ३० मिली तरी होते का. एकही कमी असली तर डोस थांबव आणि डॉक्टरांना बोलाव — औषध लघवीवाटेच बाहेर जातं. वाट अडली की अंगात साचतं आणि श्वासावर येतं.

११. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच खाटेशेजारच्या ट्रॉलीवर ठेव, कपाटात नको — कपाटाची किल्ली नेमकी जेवायला गेलेल्या सिस्टरच्या खिशात असते. आणि मॅग्नेशियम शिरेतून देताना ‘अंग गरम होईल हं बाई’ असं आधी सांग, नाहीतर घाबरून ती हात ओढते.

१२. आईचा गट निगेटिव्ह असला तर केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही, आणि बाळाचा गट लगेच तपासायला पाठव — बाळ पॉझिटिव्ह निघालं तर अँटी-डी ७२ तासांच्या आत जायला हवं. राहिलं तर भोगतं पुढचं बाळ. गर्भपात झालेल्या बाईचाही गट बघ, ती या नोंदीतून हमखास निसटते.

१३. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ दे; शौचाला काळं होईल हे आधीच सांगून टाक — न सांगितलेल्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसतात. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. ‘घेतेस ना’ विचारू नकोस, ‘किती उरल्या’ विचार.

१४. ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन दिल्यावर जागा चोळू नकोस, तिलाही चोळू देऊ नकोस — औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. पाळी मागेपुढे होईल हे सुईआधी सांग. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने माला-एन नको.

१५. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून आणून, घरीच खाऊन, अंगावर जातंय म्हणून एखादी येईल. आधी पडदा ओढ, नाडी बघ, मग हळू आवाजात ‘कधी घेतल्या, किती घेतल्या’ एवढंच विचार — उपदेश ऐकलेली बाई आठवडे खोटे सांगते, आणि खोट्या आठवड्यांवर उपचार चुकतात. तिचं नाव गुप्त ठेवणं हा कायदाही आहे, नुसता चांगुलपणा नाही.

१६. फोनवर सांगितलेला डोस मोठ्यानं परत म्हणून दाखव. चुकीचा वाटला तर ‘डॉक्टर, लिहून घेते, पुन्हा एकदा सांगता का?’ असं म्हण — भांडण होत नाही, आणि त्यांचं त्यांना नीट ऐकू येतं.