तारविरहित स्वयंचलित हिरवळ कापणी यंत्र : घरच्या घरी उभारणी

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यानंतर अनेक शेतकरी बंधू-भगिनी या पूरक व्यवसायाकडे वळले आहेत. पर्यटन केंद्रावर, मळ्यातील घरापुढे किंवा रोपवाटिकेच्या दर्शनी भागात पाच-दहा गुंठे हिरवळ राखलेली असते. पावसाळ्यात ही हिरवळ आठवड्याला एकदा तरी कापावी लागते. नेमकी त्याच वेळी शेतात खुरपणीची घाई असते आणि मजूर मिळत नाहीत. त्यामुळे आपोआप चालणाऱ्या कापणी यंत्राविषयी शेतकरी आता विचारणा करू लागले आहेत.

या यंत्राच्या जुन्या प्रकारात हिरवळीच्या कडेने जमिनीत तार पुरावी लागे. ही तार कुदळीने तुटे, घुशी कुरतडत आणि तुटलेली जागा शोधण्यात दिवस जाई. नव्या प्रकारात तार नाही. मात्र तार गेली म्हणून आखणीचे काम संपले असे समजू नये. यंत्राची हद्द आता नकाशात असते आणि तो नकाशा आपणच आखून द्यावयाचा असतो.

यंत्र जागा कशी ओळखते?

मोबाईलमधील साध्या जी.पी.एस.मध्ये काही मीटरची चूक राहते. हिरवळ कापण्यासाठी एवढी चूक चालणार नाही. म्हणून आर.टी.के. ही पद्धत वापरतात. यात एक संदर्भ केंद्र, म्हणजे खांबावरील अँटेना, एका जागी पक्के बसवितात. उपग्रहाकडून येणाऱ्या संदेशात किती चूक आहे हे त्यावरून कळते आणि ती दुरुस्ती रेडिओलहरींद्वारे यंत्राला मिळत राहते. त्यामुळे मोकळ्या जागेत २ ते ३ सें.मी.पर्यंत अचूकता येते. काही यंत्रांना ही दुरुस्ती इंटरनेटवरून मिळते. आपोआप वळणाऱ्या ट्रॅक्टरमध्येही हेच तंत्र वापरले जाते.

दुसऱ्या प्रकारची यंत्रे कॅमेऱ्याने किंवा लेसर किरणांनी भोवतालच्या भिंती, झाडे यांचा वेध घेऊन जागा ओळखतात. दाट आंब्याखाली किंवा उंच इमारतीलगत उपग्रहाचा संदेश अडतो, तेथे ही उपयोगी पडतात. मात्र कॅमेऱ्याला पुरेसा उजेड लागतो, तर लेसरला वेध घेण्यासाठी आजूबाजूला काहीतरी उभे असावे लागते. आपली जागा पाहूनच प्रकार निवडावा.

पूर्वतयारी

१. जागेचा कच्चा नकाशा काढून क्षेत्र मोजावे. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ.मी. यंत्राची क्षमता चौरस मीटरमध्ये दिलेली असते. ती आपल्या क्षेत्रापेक्षा थोडी जास्तच असावी.

२. उतार मोजावा. १ मीटर लांबीची फळी पाणसळ लावून उताराच्या दिशेने आडवी धरावी आणि तिच्या अधांतरी टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते ३५ सें.मी. भरल्यास उतार ३५ टक्के, म्हणजे सुमारे १९ अंश समजावा. यंत्राच्या पुस्तिकेतील आकडा टक्क्यांत आहे की अंशांत, हे नीट पाहावे. हद्दीलगत चालणारा उतार याहून बराच कमी असतो.

३. खड्डे भरून घ्यावेत. दगड, ठिबकच्या उघड्या नळ्या व वायरचे तुकडे उचलावेत.

४. गवत फार वाढलेले असल्यास आधी साध्या यंत्राने कापून घ्यावे. हे यंत्र रोज थोडे थोडे कापण्यासाठी आहे. गुडघाभर गवत त्याला झेपत नाही.

संदर्भ केंद्राची जागा

संपूर्ण उभारणीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. केंद्रावरून चारही बाजूंचे आकाश मोकळे दिसावे. पत्र्याचे छप्पर किंवा भिंत जवळ असल्यास संदेश परावर्तित होऊन चूक वाढते. घराची गच्ची साधारणपणे योग्य ठरते.

मी स्वतः पहिल्यांदा सोयीचे म्हणून हे केंद्र कुंपणाच्या भिंतीवर, कडुनिंबाजवळ लावले होते. उन्हाळ्यात निंबाची पानगळ असताना यंत्र सुरळीत चालले. नवी पालवी दाट होताच ते रोज त्याच कोपऱ्यात थांबू लागले. केंद्र गच्चीवर नेऊन नकाशा पुन्हा आखावा लागला. म्हणून झाड आज कसे आहे यापेक्षा ते भर पानांत कसे असेल, याचा विचार करावा.

केंद्राचा खांब पक्का रोवावा. वळवाच्या वाऱ्याने किंवा वानरांनी हलविल्याने केंद्र १ फूट सरकले, तर यंत्राची सारी हद्द तेवढीच सरकते. केंद्र हलल्याचा संशय आला तरी यंत्र बंद करून हद्द तपासावी आणि जरूर तर नकाशा पुन्हा आखावा.

चार्जिंगचा तळ

तळ सपाट जागी व सावलीत असावा. मात्र पागोळ्यांखाली नसावा. समोर सुमारे २ मीटर जागा मोकळी ठेवावी. जोडणीला अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा ई.एल.सी.बी. असणे आवश्यक आहे. विजांचा कडकडाट सुरू होण्यापूर्वी तळाचा व संदर्भ केंद्राचा प्लग काढून ठेवावा.

हद्दीची आखणी

बहुतेक यंत्रांत मोबाईलवरून यंत्र हद्दीवरून चालवीत नेऊन नकाशा तयार करतात. त्यापूर्वी हद्दीवर फक्की मारून घ्यावी, म्हणजे यंत्र सरळ रेषेत नेता येते. भिंतीपासून १० ते १५ सें.मी. अंतर ठेवावे. राहिलेली पट्टी हाताने कापावी लागते.

केवळ उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राला विहीर किंवा शेततळे दिसत नाही. त्याला फक्त नकाशा ठाऊक असतो. म्हणून पाण्याच्या व पायऱ्यांच्या कडेपासून निदान १ मीटर आत हद्द घ्यावी. ओला उतार असल्यास अंतर वाढवावे आणि त्या बाजूला विटांची बुटकी कड बांधावी. तुळशी वृंदावन, फुलांचे वाफे, रोपांची आळी व तुषार सिंचनाची तोंडे ही नकाशात वर्ज्य क्षेत्रे म्हणून नोंदवावीत.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांच्या वेळी स्वतः उभे राहून पाहावे. यंत्र जेथे थांबते किंवा कड ओलांडते, तेथे खूण करून हद्द सुधारावी.

कापणीचे वेळापत्रक

एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गवत कापू नये. गवत ४ सें.मी. राखायचे असल्यास ते ६ सें.मी. होताच कापावे. बारीक तुकडे तेथेच पडू द्यावेत. ते कुजून त्यातील नत्र हिरवळीला परत मिळते. पावसाळ्यात उघडीप पाहून एक दिवसाआड, तर वाढ मंद असताना आठवड्यातून एक-दोन वेळा यंत्र चालवावे. काळ्या जमिनीत वाफसा नसताना चालविल्यास चाकोऱ्या पडतात. हिवाळ्यात दव उडाल्यावरच सुरू करावे.

रात्री यंत्र चालवू नये. त्या वेळी बेडूक व इतर लहान प्राणी हिरवळीवर येतात. दिवसाही लहान मुले, कोंबड्यांची पिले व वासरे हिरवळीवर असताना यंत्र बंद ठेवावे. पर्यटन केंद्रावर पाहुणे येण्यापूर्वीच कापणी उरकावी.

निगा

पाती ब्लेडसारखी लहान व धारदार असतात. ती बदलताना मुख्य बटण बंद करून हातमोजे घालावेत. गवताची टोके फाटलेली व पांढरट दिसू लागली की पाती बोथट झाली असे समजावे. यंत्र पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच धुवावे. बरेच दिवस वापर नसल्यास बॅटरी अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

खरेदीपूर्वी

दोन-तीन गुंठ्यांच्या हिरवळीला हाताने ढकलण्याचे यंत्र पुरेसे होते. बांधावरचे गवत या यंत्राने कापता येत नाही आणि लव्हाळाही जात नाही, कारण त्याच्या गाठी जमिनीत असतात. पाती, बॅटरी व दुरुस्तीची सोय जवळ आहे का, याची खात्री करावी. विक्रेत्याला प्रत्यक्ष जागेवर बोलावून आकाश, उतार व पाण्याच्या कडा दाखवाव्यात. यंत्र तेथे चालवून पाहावे आणि मगच पैसे गुंतवावेत.