लेझरच्या झोतावरून आवाज

१८८० साली वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी फ्रँकलिन शाळेच्या छपरावरून सुमारे २१३ मीटर दूरच्या प्रयोगशाळेत माणसाचा आवाज नुसत्या उजेडावरून पोचवला. बोलण्याने थरथरणारा पातळ आरसा, त्यावर पाडलेलं ऊन आणि पलीकडे सेलेनियमचा सेल, एवढीच सामग्री. हा फोटोफोन टेलिफोनहून मोठा शोध आहे, असं बेल मानत. तोच प्रयोग आज लाल लेझर घेऊन वीस डॉलरच्या आत होतो. घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांना सोबत घेऊन जरूर करा.

साहित्य : ५ व्होल्टचं लाल लेझर मोड्यूल (५ मिलिवॉटच्या आतलं), २एन२२२२ ट्रान्झिस्टर, ४७० ओहम, २.२ किलोओहम आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर, ४७ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, एलएम ३८६ चा तयार अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, छोटा स्पीकर, चार एए सेल, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, ब्रेडबोर्ड. मोड्यूल घेताना आत फक्त रेझिस्टर असलेलं घ्या. उजेड आपोआप स्थिर ठेवणारं सर्किट आत असेल, तर ते आपण घातलेला चढउतारच पुसून टाकतं.

आधी रिसीव्हर बांधा, कारण तो लेझरशिवायही तपासता येतो. फोटोडायोडचा कॅथोड ९ व्होल्टच्या धन टोकाला जोडा, अ‍ॅनोड २.२ किलोओहममधून ऋण टोकाला. अ‍ॅनोड आणि रेझिस्टर जिथे मिळतात तिथून ०.१ मायक्रोफॅरडमधून तार अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला न्या. दोन्हींचे ग्राउंड एक करा. आता फोटोडायोड घरातल्या साध्या, तारेच्या बल्बसमोर धरा. गुणगुण ऐकू येईल. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १२० वेळा कमीजास्त होतो. हीच गुणगुण भारतात १०० हर्ट्झची, थोडी खालच्या स्वराची असते. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलंत तर टकटक ऐकू येईल. एवढं झालं की रिसीव्हर चोख आहे.

आता ट्रान्समीटर. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ६ व्होल्टच्या धन टोकाला जोडा. बेस ४७० ओहमने धन टोकाला आणि ४.७ किलोओहमने ऋण टोकाला बांधा. एमिटरवर साधारण ५ व्होल्ट येतात की नाही हे मल्टिमीटरने बघा आणि मगच तिथे मोड्यूलची धन तार लावा. दुसरी तार ऋण टोकाला. फोनच्या हेडफोन जॅकचा एकच चॅनल ४७ मायक्रोफॅरडमधून बेसला द्या (कपॅसिटरचं धन टोक बेसकडे), जॅकचा ग्राउंड बॅटरीच्या ऋण टोकाला. फोनचा आवाज अगदी कमी ठेवून गाणं लावा आणि हळूहळू वाढवा. फाटका आवाज येऊ लागला की एक पायरी मागे या.

टेबलावर हे लगेच जमतं. खरी परीक्षा अंतराची, आणि तिथे महागडा लेझर घेऊन काही साधत नाही. सगळी मेहनत घालायची ती पकडीवर. १० सेंटिमीटर लांब बैठकीचं एक टोक १ मिलिमीटर हललं, तर १०० मीटरवर ठिपका १ मीटर सरकतो. म्हणून हातात धरू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर घट्ट आवळा आणि बारीक फिरवायला स्क्रू ठेवा. रिसीव्हरशेजारी सायकलचा रिफ्लेक्टर बांधा. झोत त्यावर पडताच तो लेझरपाशी उभ्या माणसाला लख्ख चमकून दिसतो. नेम धरायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. वेळ संध्याकाळची निवडा. फोटोडायोडभोवती आतून काळा कागद लावलेली नळी बसवा, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांची गुणगुण बरीच दबते. अंतर वाढलं की ठिपका पसरतो; तेव्हा पुस्तक वाचायचं सपाट, पानाएवढं भिंग पुढे धरून तो उजेड डायोडवर गोळा करा.

डोळ्यांबाबत मात्र तडजोड नाही. मोड्यूलवरच्या छापील आकड्यावर विसंबू नका : अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १२२ पॉइंटर मोजले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल पॉइंटरांपैकी ४४ टक्के सरकारी सुरक्षा नियमांत न बसणारे निघाले. म्हणून हिरवा घेऊच नका. लाल झोतही कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका, वाटेत आरसा किंवा काच येऊ देऊ नका, आणि झोत शेवटी भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावरच अडला पाहिजे. उजेडावरून बोलायला रेडिओसारखा परवाना लागत नाही, पण अमेरिकेच्या २०१२ च्या कायद्यानुसार विमानावर लेझर रोखणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलांच्या हाती ट्रायपॉड देण्याआधी हे त्यांना समजावून सांगा.