स्क्रीन काळी, कॉल चालू

स्क्रीन काळी झाली की कॉल संपला, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. घरातली वडीलधारी माणसं तर हमखास. आमच्या सासूबाईही तसंच समजत होत्या, आणि त्यापायी आमच्या घरात जे घडता घडता राहिलं ते इतर कुणाच्या घरात घडू नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहून काढते आहे.

एके दिवशी दुपारी आईंना, म्हणजे सासूबाईंना, एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी राहिलंय, आज केलं नाही तर खातं बंद पडेल. आई सावध आहेत. "संध्याकाळी मुलगा घरी येतो, त्याच्याशी बोला," असं सांगून त्यांनी फोन कानापासून काढला. स्क्रीन काळी होती. तरी खात्री म्हणून त्यांनी बाजूचं बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली, म्हणजे झालं काम, असं समजून फोन टीपॉयवर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारू लागल्या, "अगं, आपलं केवायसी झालंय ना? की त्या दुसऱ्या बँकेतलं राहिलंय?"

त्यावरून बोलणं निघालं. पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते, मुदत ठेव कधी संपतेय, ठेवीवर दुसरं नाव ह्यांचं आहे की वन्संचं, पासबुक कुठल्या कपाटात आहे. घरात चार भिंतींच्या आत आपण बोलतो तसं, मोकळं. मी पोळ्या लाटत होते, त्यामुळे दोघींचेही आवाज चांगलेच चढे होते. थोड्या वेळाने आई पाणी प्यायला टीपॉयपाशी गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या. फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? मॅडम, आहात ना?"

दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून, वेगळ्या आवाजात फोन आला. बँकेचं नाव बरोबर, ठेवीचा महिना बरोबर, दुसरं नावही बरोबर. "तुमच्या ठेवीच्या नूतनीकरणासाठी एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." इतकी बिनचूक माहिती असलेल्या माणसावर कुणाचाही विश्वास बसेल. सुदैवाने त्या दिवशी हे घरी होते. त्यांनी फोन हातात घेतला, ओटीपी वगैरे काही न देता कॉल तोडला आणि तडक शाखेत गेले. तिथे कळलं, बँकेतून कुणीही फोन केलेला नव्हता. पैसे वाचले. पण माहिती काढायला त्या लोकांना काहीच करावं लागलं नव्हतं. ती आमच्याच घरातून, आमच्याच तोंडून त्यांच्या कानात गेली होती.

कॉल असा उघडा राहिला तर पूर्वी निदान बिल यायचं. आता आपल्याकडे २००३ पासून येणाऱ्या कॉलला पैसे पडत नाहीत, आणि जाणारे कॉलही बहुतेक पॅकमध्ये अमर्याद असतात. कॉल अर्धा तास उघडा राहिला तरी खिशाला कळत नाही. त्यामुळे ही गोष्ट किती घरांत घडत असेल आणि किती जणांच्या लक्षातच येत नसेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मग मी आईंचा फोन घेऊन बसले. माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला, उचलला, कानाला लावला, काढला. स्क्रीन उजळेना. बटण दाबलं, उजळेना. शेवटी कानाच्या जाळीजवळची काच नखाने जराशी उचलली आणि स्क्रीन झटकन जागी झाली. पुन्हा दाबून बसवली, पुन्हा काळी. खेळ सगळा त्या पट्टीएवढ्या जागेत होता.

त्याचं कारण असं. फोनच्या वरच्या कडेला, कानाच्या जाळीपाशी प्रॉक्सिमिटी सेन्सर नावाचा एक बारीक ठिपका असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर सोडतो. समोर गाल किंवा कान आला की प्रकाश त्यावर आपटून परत येतो, आणि फोन स्क्रीन विझवतो, म्हणजे गालाने भलतीच बटणं दाबली जाऊ नयेत. कान दूर झाला की स्क्रीन परत लागायला हवी. पण त्या ठिपक्यावर भलत्या मॉडेलची टेम्पर्ड ग्लास बसवली असेल, तिची काळी कड आडवी येत असेल, काचेखाली धूळ किंवा हवेचा बुडबुडा असेल, वरून तेलकट हातांचा थर चढला असेल, तर प्रकाश तिथल्या तिथे परत येतो. फोनला वाटतं, कान अजून चिकटलेलाच आहे. मग तुम्ही काहीही करा, स्क्रीन लागत नाही आणि लाल बटण दिसत नाही. आईंच्या फोनवरची काच ही अशी 'बसतेय की' म्हणून दुकानात चिकटवलेली होती. काही फोनमध्ये हा ठिपका नसतोच, त्याऐवजी आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर काम भागवलेलं असतं. शाओमीच्या २०१६ सालच्या मी मिक्समध्ये ही सोय होती. अशा फोनमध्ये कानाच्या किंवा माइकच्या जाळीत कचरा भरला की तोच घोळ होऊ शकतो. म्हणून आधी मऊ कोरड्या फडक्याने वरची कड पुसा, कव्हर काढून बघा, काच काढून बघा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर डायलमध्ये *#०*# दाबलं की तपासणीचा पडदा उघडतो, तिथे सेन्सर कान 'बघतोय' की नाही हे लगेच कळतं. एकदा फोन बंद करून चालू करणं हाही उपाय आहे, आणि तो कधी कधी खरंच लागू पडतो.

काच बदलून एवढ्यावर थांबले असते तर अर्धंच काम झालं असतं. कारण सेन्सर ठणठणीत असला तरी बाजूचं बटण दाबून कॉल तुटतो ही समजूत उरतेच. अँड्रॉइड फोनवर कंपनीने दिलेल्या मूळ सेटिंगमध्ये ते बटण फक्त स्क्रीन विझवतं आणि फोन लॉक करतं. कॉल मागे चालूच राहतो. आयफोनवर नेमकं उलट. तिथे फोन कानाला असताना बाजूचं बटण दाबलं की कॉल तुटतो, मात्र स्पीकर चालू असेल तर नुसती स्क्रीन विझते. आमच्या घरात आईंचा फोन अँड्रॉइड आणि लेकाचा आयफोन. आजी नातवाचं बघून बटण दाबायची आणि कॉल तिच्याकडे तुटायचा नाही. नातवाचा मात्र बोलता बोलता बोट लागून नको तेव्हा तुटायचा. त्याच्यासाठी आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या टच विभागात बटणाने कॉल तुटणं थांबवण्याची सोय आली आहे.

अँड्रॉइडवर आपल्याला याच्या उलटी सोय हवी असते, आणि ती असते. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा आणि 'पॉवर बटणाने कॉल संपवा' अशा अर्थाचा पर्याय शोधा. सॅमसंगवर तो फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, कॉल घेणे आणि संपवणे या भागात साइड की म्हणून सापडतो. प्रत्येक कंपनी तो वेगळ्या कपारीत ठेवते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'पॉवर' किंवा 'कॉल' टाकून बघणं सोपं. माझं ठाम मत आहे की साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाच्या फोनवर हा पर्याय चालू असावा. काच बोटाला काहीच सांगत नाही, बटण निदान खटका देतं. एकच अडचण, बोलता बोलता सवयीने बटण दाबलं तर चालू कॉल तुटेल. तुटू दे. परत लावता येतो.

पण हा पर्याय चालू केल्यावर वडीलधाऱ्यांना एक गोष्ट नीट शिकवायला हवी. बोलणं लांबलं आणि स्क्रीन आपोआप विझून फोन झोपी गेला असेल, तर पहिल्या दाबाने तो नुसता जागा होतो आणि दुसऱ्या दाबाने कॉल तुटतो. या दोन दाबांच्या मध्ये थांबायला हवं. दाबा, बघा, मग पुन्हा दाबा. घाईघाईने खटाखट दाबत सुटलं तर वेगळंच संकट उभं राहतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय सक्तीची आहे, आणि स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट ३ वेळा दाबणं हा त्याचा एक मार्ग आहे. काही फोनवर ते ५ वेळा असतं. आमच्या शेजारचे काका असाच न तुटणारा कॉल तोडायला बटण बडवत होते. फोन कर्कश वाजायला लागला, स्क्रीनवर उलटे आकडे सुरू झाले आणि कॉल ११२ या आपत्कालीन नंबरला लागला. घाबरून त्यांनी फोन उशीखाली ठेवला. असं कधी झालंच तर गुपचूप तोडू नका. पलीकडचा माणूस बोलू लागला की "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं सांगा. नाहीतर ते परत फोन करून चौकशी करत बसतात आणि खरोखर अडचणीत असलेल्या कुणाचा तरी वेळ जातो.

बटण दाबून फोन लॉक झालाच असेल आणि समोर पिन मागणारा पडदा आला असेल, तर पिन आठवत बसायची गरज नाही. वरून खाली बोट ओढा. चालू कॉलची पट्टी दिसते, तिच्यावरच कॉल संपवण्याचं लाल बटण असतं. लॉक न उघडता ते दाबता येतं. काहींच्या फोनवर ही पट्टी दिसत नाही, कारण लॉक स्क्रीनवरच्या सूचना कुणीतरी बंद करून ठेवलेल्या असतात. खासगीपणासाठी मेसेजचा मजकूर लपवा, पण फोन अ‍ॅपच्या सूचना लॉक स्क्रीनवर दिसू द्या. आईंच्या फोनवर त्याही बंद होत्या, म्हणजे काच, बटण आणि सूचना, तिन्ही दारं एकदम लागलेली.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलचं वेगळं आहे. पॉवर बटणाचा हा पर्याय सिमवरून होणाऱ्या नेहमीच्या कॉलसाठी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या भरवशावर राहू नका. परदेशातल्या मुलांशी आपण तासन्‌तास त्यावरच बोलतो आणि बोलणं संपलं की फोन तसाच खाली ठेवतो. तिथे लाल बटण किंवा वरची पट्टी, एवढंच. वायरवाला इअरफोन लावला असेल तर त्यावरचं बटण एकदा दाबूनही नेहमीचा कॉल तुटतो. ज्यांना दिसत नाही आणि जे टॉकबॅक ही स्क्रीन वाचून दाखवणारी सोय वापरतात त्यांना दोन बोटांनी दोनदा टॅप करून कॉल संपवता येतो. आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्येही तीच खूण चालते.

आणि काहीच चालेना, स्क्रीन मेलेली, कॉल जिवंत, पलीकडे नको असलेला माणूस, अशी वेळ आली तर काही अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र, फोन थरथरून परत चालू होईपर्यंत दाबून धरा. आयफोनवर आवाज वाढवण्याचं बटण एकदा, कमी करण्याचं एकदा, मग बाजूचं बटण कंपनीचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवा. जुन्या फोनची बॅटरी काढता यायची, आता हाच त्याला पर्याय. तोवर तोंडातून चकार शब्द काढू नका, किंवा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जा.

आमच्याकडे आता कॉल संपल्यावर फोन थरथरतो. सॅमसंगवर आणि इतरही काही फोनवर कॉल जोडला आणि तुटला की थरथरण्याची सोय असते, ती चालू केली. आईंना स्क्रीन बघावी लागत नाही, हाताला कळतं. थरथरला नाही तर त्या गप्प राहतात आणि कुणाला तरी हाक मारतात. आम्ही घरातले त्यांच्याशी बोललो की शेवटी आमच्या बाजूने कॉल तोडतो, कारण मोबाइलवर कुणीही एकाने तोडला तरी दोघांचाही तुटतो. अनोळखी नंबरच्या बाबतीत मात्र पलीकडच्यावर विसंबता येत नाही. फोन ठेवल्यावर लगेच बँक, ठेवी, दागिने, घरी कोण नाही यांतलं काही बोलायचं नाही, हे आईंनी स्वतःच ठरवून टाकलंय. आणि असं काही ऐकलं गेलंय अशी शंका आली तर बँकेच्या शाखेत सांगून ठेवावं. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत रोखले गेले तरच हाती लागायची आशा असते.

नवी काच लावायला जाल तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव सांगून मागा आणि काउंटरवरून हलायच्या आधी तुमच्याच दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा. कॉल उचला, जाळीवर तळहात धरा, स्क्रीन विझायला हवी. हात काढा, लागायला हवी. मग बटणाने तोडून बघा. दुकानदार घाई करेल, करू दे. स्क्रीन लागली नाही तर ती काच तिथेच काढून द्या.