बोटभर सैनिक : एका छंदाचा अभ्यास

द्वितीय वर्ष, कला

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा फार तर छायाचित्रण उभे राहते. परंतु इंचभर उंचीचे राक्षस आणि चिलखती योद्धे आणावेत, त्यांचे हात कापून दुसरे जोडावेत, रात्र-रात्र जागून ते रंगवावेत आणि मग टेबलावर त्यांची लढाई लावावी, असाही एक छंद आहे. त्यात चांगली प्रौढ माणसे रमतात, हे आपल्याकडे कुणाला चटकन खरे वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका वर्गमित्राच्या मोठ्या भावाने असे पाच प्लॅस्टिकचे सैनिक मला दिले आणि मी या विषयाकडे वळलो. प्रस्तुत लेखात या छंदाचा थोडक्यात इतिहास, त्यातील रंगकामाची रीत आणि त्यावरून सुचलेला एक विचार मांडला आहे.

या खेळाचे मूळ करमणुकीत नसून लष्करी शिक्षणात आहे. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ स्वीकारला गेला. त्यात नकाशावर ठोकळे मांडून अधिकारी लढाईचा अभ्यास करीत. पुढे सुप्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. स्प्रिंगच्या छोट्या तोफेने शत्रूचे सैनिक पाडायचे, असा तो खेळ होता.

हे सारे सैनिक इतिहासातले होते. त्यांत राक्षस आणि जादूगार शिरले ते मुख्यतः टॉल्किन यांच्या कादंबऱ्या लोकप्रिय झाल्यावर. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या नियमपुस्तकाला अद्भुत प्राण्यांची पुरवणी होती. १९७४ मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्या वेळी असे प्राणी बाजारात सहज मिळत नसत. गायगॅक्स यांनी स्वस्तातल्या दुकानातून हाँगकाँगच्या बनावटीचे प्लॅस्टिकचे विचित्र प्राणी आणले आणि त्यांवरून आपल्या खेळातले काही राक्षस बेतले. म्हणजे हाताशी असलेल्या वस्तूतून हवी ती वस्तू काढणे हे या छंदाच्या मुळाशीच आहे.

इंग्लंडमध्ये १९७५ साली गेम्स वर्कशॉप ही संस्था स्थापन झाली आणि १९७९ मध्ये तिच्या जोडीला धातूचे पुतळे ओतणारी सिटाडेल मिनिएचर्स आली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ निघाले. ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धाही १९८७ चीच. तीत सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्यास चक्क एक तलवार देतात! नॉटिंगहॅम हे शहर पुढे या छंदाची पंढरीच बनले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या खेळांतला माणूस साधारण २८ मिलिमीटर उंचीचा असतो. प्लॅस्टिकचे भाग चौकटीतून कापून काढायचे आणि साच्याची रेघ पात्याने खरवडायची. प्लॅस्टिकच्या गोंदाने दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळून एकजीव होतात. धातूचे तसे नाही. तिथे बारीक भोक पाडून आत तारेचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर जोड निखळतो. रूपांतर करताना एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसते. फट राहिली तर पिवळ्या व निळ्या रंगाचे दोन लगदे एकत्र मळतात. ते हिरवे होतात आणि काही वेळाने कडक बनतात. तेवढ्या अवधीत त्यातून दाढी, झगा, पट्टा काय हवे ते घडवायचे. हत्यार ओले ठेवावे, म्हणजे लगदा चिकटत नाही.

रंगवताना प्रथम अस्तराचा हात, मग मूळ रंग. त्यानंतर पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडतात. तो आपोआप खाचांत उतरतो आणि सावली पडल्यासारखी दिसते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवून उजेड दाखवतात. हा खटाटोप कशासाठी? इंचभराच्या अंगावरच्या घड्या इतक्या उथळ असतात की खोलीतल्या उजेडात त्यांची सावली नजरेत भरत नाही. एकाच रंगाने रंगवला तर सैनिक सपाट दिसतो. म्हणून निसर्ग जी सावली देत नाही, ती रंगाऱ्याने द्यायची.

हे सगळे मी मोबाइलवर पाहून शिकलो, तरीही माझा पहिला सैनिक पुरता बिघडला. रंगाच्या थराखाली त्याचे नाक-डोळे बुजून गेले. मी हताश होऊन बसलो असताना आईने तो उचलून पाहिला. म्हणाली, “रंग जाड झालाय रे. पाणी घाल. एका हातात झाकायला बघू नको, दोन हात दे.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे घर पेणजवळच्या एका खेड्यात आहे. माझी आई गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. मजुरी नगावर मिळते. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. घड्यांत गडद छटा आणि उंचवट्यावर उजळ छटा, याला कारखान्यात ‘शेडिंग’ म्हणतात. मी जे मोठे शास्त्र म्हणून शिकत होतो, ते तिला कधीचे येत होते.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र दोन्हींकडे फरक आढळला. सैनिक रंगवणारे पुष्कळजण डोळे आधी रंगवून घेतात. पांढरा रंग बाहेर गेला तरी त्यावर कातडीचा रंग देऊन चूक झाकता येते. आईच्या कामात डोळे सर्वांत शेवटी. चेहरा पूर्ण झालेला असतो, त्यामुळे रेघ हलली तर झाकायला जागाच नसते. मी तिला ही सोपी युक्ती सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “ती हात न बसलेल्यांसाठी बरी आहे.” मग माझ्या दुसऱ्या सैनिकाचे डोळे तिनेच श्वास रोखून दोन टिंबांत काढले. वर्गमित्राच्या भावाने तो सैनिक पाहून विचारले, “हे कुणी केले?” मी पटकन “मीच” म्हणून गेलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इंग्लंडमध्ये ज्या कौशल्याला तलवार देऊन गौरवतात, तेच आपल्या घरातले कौशल्य सांगायला मी लाजलो होतो. अर्थात छंद आणि पोटापाण्याचा धंदा एक नव्हेत, याची मला जाणीव आहे. छंदात हवा तेवढा वेळ घेता येतो. आईला श्रावण लागला की दिवसाचे ठरलेले नग पुरे करावे लागतात. पण म्हणूनच तिच्या हाताचे मोल अधिक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ज्याला आपण नुसते ‘काम’ म्हणतो त्यातही अभ्यास असतो. तो पुस्तकात लिहिलेला नसतो, एवढेच.

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी पहिल्या वर्षी ‘गृहिणी’ असे लिहिले होते. ते पूर्ण खरे नव्हते. तिसऱ्या वर्षाच्या अर्जात मी ‘मूर्तिकाम (आखणी)’ असे लिहिणार आहे. आणि तो दुसरा सैनिक कुणी रंगवला, हे या लेखाच्या निमित्ताने जाहीर करतो.