राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या अमरावतीची एक सून भारताच्या सर्वोच्च पदीं बसली, हें तुम्हांस ठाऊक असेलच. परंतु तें पद कसें प्राप्त होतें व त्याचा अधिकार कोठवर चालतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

श्रीमती प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजीं जळगांव जिल्ह्यांतील नाडगांव येथें झाला. मुलीला एम्. ए. पर्यंत शिकूं देणारीं घरें त्या काळीं थोडीं होतीं. प्रतिभाताई जळगांवीं एम्. ए. झाल्या, टेबल टेनिसमध्येंहि त्यांनीं नांव मिळविलें व पुढें मुंबईस कायद्याची पदवी घेतली. १९६२ सालीं, अवघ्या २७ वर्षांच्या असतांना, त्या विधानसभेवर निवडून आल्या. १९६५ सालीं अमरावतीचे देवीसिंह शेखावत यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें राज्यांतील मंत्रिपद, राज्यसभेचें उपसभापतिपद, १९९१ सालीं अमरावतीकरांनीं दिलेली खासदारकी आणि २००४ सालीं राजस्थानचें राज्यपालपद, अशा एकेक पायऱ्या चढून २५ जुलै २००७ रोजीं त्या भारताच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपति झाल्या. २०१२ पर्यंत त्यांनीं हें पद भूषविलें.

आतां या पदाचें स्वरूप पाहूं. मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत १९९० सालीं व्हायोलेता चामोरो या बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांस जनतेनें प्रत्यक्ष मतें दिलीं होतीं व राज्यकारभारहि त्याच चालवीत. आपल्या घटनेची रीत निराळी आहे. येथें राष्ट्रपतींची निवड संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सभासद करितात. आणि राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागतात. तो सल्ला त्यांस एकदां फेरविचारासाठीं परत पाठवितां येतो, इतकेंच.

मग हें पद केवळ शोभेचें काय? तसें नव्हे. फांशीच्या कैद्यास दया दाखविण्याचा अधिकार घटनेच्या ७२ व्या कलमानें राष्ट्रपतींस दिला आहे. प्रतिभाताईंनीं अनेकांची फांशी जन्मठेपेंत बदलली. कोणी त्यांस दयाळू म्हटलें, कोणी कठोर टीका केली. सल्ला मंत्र्यांचा असला, तरी ज्याची सही, त्यालाच लोक जाब विचारतात. राष्ट्रपति हे सेनादलांचेहि सरसेनापति होत. २००९ सालीं, वयाचीं ७४ वर्षें उलटल्यावर, प्रतिभाताईंनीं पुण्याहून सुखोई लढाऊ विमानांतून उड्डाण केलें, तें याच नात्यानें.

मुलांनो, अधिकाराला मर्यादा असली म्हणून जबाबदारी कमी होत नाहीं, हें ध्यानीं ठेवा. आणि पालकहो, या साऱ्या पायऱ्यांतील पहिली पायरी शाळेची होती. ती आपल्या मुलींच्या पायांखालून काढून घेऊं नका.